सगळ्यांना आवडणारा परफ्यूम बनतो कसा?

परफ्यूमच्या शौकिनांच्या बोलण्यात एक शेरा वारंवार ऐकू येतो: ‘बरा आहे, सगळ्यांना आवडेल असा आहे.’ शब्द कौतुकाचे असले, तरी सूर मोडीत काढण्याचा असतो. ज्याला वासाची पारख आहे त्याने धुराचा, चामड्याचा, ओल्या मातीचा किंवा कडवट मुळ्यांचा वास शोधावा आणि जाहिरातीत झळकणाऱ्या बाटल्या इतरांसाठी सोडून द्याव्यात, असा एक अलिखित संकेत या छंदात रुजला आहे. मला हा संकेत अन्यायाचा वाटतो. चमत्कारिक, लक्षात राहणारा वास तयार करणे अवघड आहेच. पण एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या लाखो माणसांपैकी फार थोड्यांनीच नाक मुरडावे, असा वास तयार करणे त्याहून अवघड आहे. हे कसे साधते ते समजून घ्यायचे, तर बाटलीतल्या रसायनापासून सुरुवात करून आधी नाकापर्यंत आणि मग बाजारापर्यंत जावे लागते.

परफ्यूम म्हणजे मुख्यतः अल्कोहोलमध्ये विरघळवलेले सुगंधी पदार्थ. ‘ओ द त्वालेत’ असे लिहिलेल्या बाटलीत त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते, ‘ओ द पार्फ्यूम’मध्ये साधारण १५ ते २० टक्के. हे पदार्थ एकाच वेगाने उडत नाहीत. संत्र्या-लिंबाच्या सालीत असणाऱ्या लिमोनीनचा रेणुभार १३६ आहे, आणि तो त्वचेवरून पाहता पाहता उडून जातो. गॅलॅक्सोलाइड या कृत्रिम कस्तुरीचा रेणुभार २५८ आहे, आणि ती कापडाला कित्येक दिवस चिकटून राहते. त्यामुळे एकाच परफ्यूमचा वास लावल्याबरोबर एक असतो, अर्ध्या तासाने दुसरा असतो आणि संध्याकाळी तिसराच असतो. शौकीन या टप्प्यांना टॉप नोट, हार्ट नोट आणि बेस नोट म्हणतात आणि शेवटी अंगावर उरणाऱ्या वासाला ड्रायडाउन. सर्वांना रुचणाऱ्या परफ्यूमची पहिली ओळख येथेच पटते: त्यात या टप्प्यांचे सांधे जाणवत नाहीत. लिंबू संपले आणि अचानक लाकूड सुरू झाले, असा खड्डा मध्येच येत नाही. पहिला वास विरत असतानाच दुसरा त्याची जागा घेत राहतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९० साली सोफिया ग्रोय्समन यांनी लाँकोमसाठी तयार केलेला ट्रेझॉर. त्याच्या सूत्राचा फार मोठा भाग अवघ्या चार पदार्थांनी व्यापलेला आहे: मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांची हवेशीर छटा देणारे हेडिओन, कोरड्या गुळगुळीत लाकडासारखे आयसो ई सुपर, व्हायोलेटच्या फुलांचा पावडरी वास असलेले मिथाइल आयोनोन आणि वर उल्लेखलेले गॅलॅक्सोलाइड. चारही पदार्थ मवाळ आहेत. एकही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. त्यांच्यावर गुलाब आणि पीचची छटा ठेवली की लांबूनही ओळखू येणारा आणि जवळ गेल्यावरही न टोचणारा वास तयार होतो. शेकडो पदार्थांची गुंतागुंत म्हणजेच कौशल्य, असे मानणाऱ्यांनी हे सूत्र जरूर डोळ्यांसमोर ठेवावे.

नाक प्रत्येकाचे निराळे

आता नाकाकडे वळू. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी वास ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनांचे जनुककुल शोधून काढले आणि त्या कामासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार कार्यरत असतात. एक रेणू एकाच वेळी अनेक ग्राहकांना कमी-अधिक प्रमाणात चाळवतो आणि कोणकोणते ग्राहक किती चाळवले गेले, त्या नक्षीवरून मेंदू वास ओळखतो. मात्र या ग्राहकांची जनुके माणसागणिक बदलतात. व्हायोलेटच्या फुलांमध्ये सापडणारा बीटा-आयोनोन हा रेणू काहींना स्वच्छ, फुलांसारखा वाटतो, तर ज्यांच्यात एका विशिष्ट ग्राहकाची वेगळी आवृत्ती असते, त्यांना तोच रेणू आंबूस वाटतो किंवा फार थोडा जाणवतो. कृत्रिम कस्तुऱ्यांची गोष्ट याहून टोकाची आहे: काही माणसांना एखादी कस्तुरी अजिबात येत नाही, पण दुसरी व्यवस्थित येते.

म्हणजे परफ्यूमर ज्या वासावर दिवसरात्र मेहनत घेतो, तो वास समोरच्या माणसापर्यंत जसाच्या तसा पोहोचेल याची खात्री त्याला कधीच नसते. सर्वांसाठीचा परफ्यूम करताना ही अडचण फार मोठी होते आणि त्यावर काढलेली तोड मला या साऱ्या कारागिरीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. एकाच कस्तुरीवर विसंबण्याऐवजी तीन-चार निरनिराळ्या कस्तुऱ्या एकत्र वापरल्या जातात, म्हणजे एखाद्या नाकाला त्यातली एक आली नाही तरी दुसरी येते आणि परफ्यूमचा तळ कोणासाठीच पोकळ राहत नाही. परफ्यूम लावणाऱ्याला यातले काहीही कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. त्याला एवढेच जाणवते की हा वास सगळ्यांना येतो.

मग आवडीनिवडीचे काय? २०२२ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकार करून जगणाऱ्या समुदायांपासून शहरी रहिवाशांपर्यंत अत्यंत भिन्न जीवनपद्धती असलेल्या लोकांना संशोधकांनी ठरावीक वास दिले आणि आवडीनुसार त्यांचा क्रम लावायला सांगितले. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य सुगंधी रेणू, आवडीत वरचढ ठरला. घामट पायांची आठवण करून देणारे आयसोव्हॅलेरिक आम्ल तळाला गेले. या क्रमातल्या फरकांपैकी संस्कृतीच्या खात्यात जेमतेम ६ टक्के फरक जमा झाला. मोठा वाटा रेणूच्या स्वतःच्या रचनेचा होता आणि त्याहून मोठा, ५४ टक्क्यांच्या आसपास, व्यक्तिगत आवडीचा. सर्वांना रुचणाऱ्या परफ्यूमचे मर्म या आकड्यांत आहे. ज्या वासांवर माणसांचे एकमत होण्याची शक्यता जास्त, त्यांच्यावर परफ्यूम उभा करायचा आणि ज्यांच्यावर व्यक्तिगत मतभेद टोकाचे, त्यांना चिमटीभरच जागा द्यायची. व्हॅनिला, स्वच्छ कस्तुरी, लिंबूवर्गीय फळे आणि मऊ लाकूड पुन्हा पुन्हा दिसतात, यामागे परफ्यूमरचा आळस नाही.

जुना सांगाडा, नवा रेणू

एवढ्यावर मात्र परफ्यूम खपत नाही. सगळे सुरक्षित वास एकत्र करून जे मिश्रण मिळेल, ते कोणालाही खटकणार नाही आणि कोणाच्या लक्षातही राहणार नाही. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांतल्या गाजलेल्या परफ्यूमकडे पाहिले, तर एक पद्धत पुन्हा पुन्हा आढळते: सांगाडा ओळखीचा घ्यायचा आणि त्यात एखादा नवा रेणू धाडसाने, भरपूर प्रमाणात घालायचा.

विल्यम हेन्री पर्किन यांनी १८६८ साली प्रयोगशाळेत कूमारिन तयार केले. सुकत आलेल्या गवतासारखा, किंचित बदामी असा त्याचा वास. १८८२ साली पॉल पार्के यांनी उबिगाँ या कंपनीसाठी ‘फुजेर रोयाल’मध्ये ते लॅव्हेंडर आणि झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या ओकमॉस या दगडफुलाच्या जोडीला बसवले आणि पुरुषांच्या परफ्यूमचा ‘फुजेर’ नावाचा एक पायंडाच पाडला. दाढीचा साबण, आफ्टरशेव्ह, केशकर्तनालय यांच्याशी जो वास आज सहज जोडला जातो, त्याची वंशावळ येथपर्यंत जाते. १९६६ साली एदमाँ रूदनित्स्का यांनी डिओरच्या ‘ओ सोव्हाज’साठी जुन्या कोलोनचा लिंबूवर्गीय सांगाडा घेतला आणि त्यात हेडिओन हा नवा पदार्थ घातला. त्याने लिंबाला उजेड आणि मोकळी हवा मिळाली. १९९६ साली आल्बेर्तो मोरियास यांच्या ‘अक्वा दी जिओ’त कॅलोन आले. हा रेणू १९६६ साली फायझर या औषध कंपनीत सापडला होता. त्याला कलिंगडाचा आणि खाऱ्या समुद्रवाऱ्याचा एकत्र वास येतो.

यातल्या एका रेणूपाशी जरा थांबायला हवे, कारण ओळखीचे झालेले आवडू कसे लागते, हे त्याच्याइतके चांगले दुसरे कोणी दाखवत नाही. त्याचे नाव डायहायड्रोमायर्सिनॉल. कागदी पट्टीवर त्याचा एक थेंब ठेवून हुंगला, तर आधी लिंबाच्या सालीचा तीक्ष्ण, थंड फवारा नाकात जातो, त्याच्या मागून लॅव्हेंडरची छटा येते आणि सगळ्याखाली धातूसारखी किंचित कोरडी धार असते. नुसता तो पदार्थ कोणी अंगाला लावणार नाही, इतका तो रोखठोक आहे. पण तो तिखट रसायनांतही टिकतो, म्हणून साबण आणि धुलाईच्या पावडरींमध्ये त्याचा वापर होऊ लागला आणि धुतलेल्या कपड्यांचा, पुसलेल्या फरशीचा वास म्हणून तो असंख्य घरांत शिरला. १९८२ च्या ‘द्राकार न्वार’मध्ये पिएर वार्नी यांनी तो मोठ्या प्रमाणात वापरला आणि १९८८ साली पिएर बुर्दाँ यांनी दाविदॉफच्या ‘कूल वॉटर’मध्ये त्याच फुजेर सांगाड्यावर त्याला मध्यवर्ती स्थान दिले. ज्यांनी ‘कूल वॉटर’ पहिल्यांदा हुंगला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नाकांनी हा वास आधीच मान्य केलेला होता. त्याला स्वच्छतेचा अर्थ चिकटलेला होता. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले होते की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर निव्वळ त्या ओळखीपोटी ती अधिक आवडू लागते. परफ्यूमच्या क्षेत्रात ही ओळख न्हाणीघरात आणि कपड्यांच्या कपाटात तयार होते. ‘हा तर डिटर्जंटसारखा वास आहे’ असे शौकीन चिडून म्हणतात, तेव्हा निरीक्षण अगदी अचूक असते; फक्त ज्याला ते दोष समजतात, तेच बहुतेकांच्या आवडीचे कारण असते.

गोड वासांची कथा याला समांतर आहे, फक्त तिची सुरुवात वादळी झाली. १९९२ साली ओलिव्हिए क्रेस्प यांनी म्युग्लेरसाठी केलेल्या ‘अँजेल’मध्ये इथाइल माल्टॉल, म्हणजे वितळून तांबूस होत आलेल्या साखरेचा वास असलेला रेणू, पॅचुली या सुगंधी वनस्पतीच्या भरघोस अर्काबरोबर बांधला होता. खाण्याच्या गोडीला मातीच्या कुबट, गडद वासाशी भिडवण्याचे हे धाडस अनेकांना सहन झाले नाही आणि आजही ‘अँजेल’विषयी मते टोकाची असतात. पण त्यातली गोडी नंतरच्या परफ्यूमरांनी उचलली, पॅचुली धुऊन हलकी केली, वर फळे आणि पांढरी फुले ठेवली आणि २०१२ च्या ‘ला व्ही ए बेल’पर्यंत येता येता ती मुख्य प्रवाहाची भाषा होऊन गेली. २०१५ साली फ्रान्सिस कुर्कजियाँ यांच्या ‘बकारा रूज ५४०’ने तीच तांबूस साखर केशर आणि अंबरी लाकडाच्या सोबत मांडली. तो निश, म्हणजे मोजक्या ग्राहकांसाठीचा, परफ्यूम म्हणून आला आणि काही वर्षांत त्याच्या वळणाचे वास सगळीकडे दरवळू लागले. निश आणि डिझायनर, म्हणजे फॅशन कंपन्यांच्या नावाने विकले जाणारे परफ्यूम, यांच्यातली भिंत शौकीन समजतात तितकी भक्कम नाही.

पट्टीवरचा ‘सोव्हाज’

या सगळ्याचा मेळ कसा बसतो, हे २०१५ साली आलेल्या आणि प्रचंड खपलेल्या डिओरच्या ‘सोव्हाज’मध्ये (१९६६ चा ‘ओ सोव्हाज’ वेगळा) नीट पाहता येते. फ्रांस्वा दमाशी यांनी तयार केलेला हा परफ्यूम कागदी पट्टीवर फवारला आणि अल्कोहोल उडू दिले, की पहिल्यांदा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाची झगझगीत आंबट धार आणि तिच्याबरोबर मिरीचा चुणचुणीत वास येतो. इतका मोठा आणि इतका स्पष्ट की पट्टी नाकापर्यंत न्यावीही लागत नाही. थोड्या वेळाने आंबटपणा ओसरतो, लॅव्हेंडर पुढे येते आणि फुजेरची जुनी ओळख पटते. पण ते लॅव्हेंडर जाडजूड होत नाही, कारण त्याच्या खालून अँब्रॉक्सन वर येत असते. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरात जो सुगंधी घटक असतो, तोच हा. आता तो क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लेरिऑलपासून बनवला जातो. कोरडा, किंचित खारट, उन्हात तापलेल्या त्वचेच्या जवळ जाणारा असा त्याचा वास असून त्याची खोड अशी की तो नाकाला कधी येतो आणि कधी एकदम नाहीसा होतो. पट्टी दुसऱ्या दिवशी हुंगली तरी तो तेथेच असतो. पहिल्या क्षणापासून तो अस्तरासारखा खाली असल्यामुळे ‘सोव्हाज’ सकाळी लावला काय आणि दुपारी भेटलेल्या माणसाला आला काय, ओळखू येतो तो ‘सोव्हाज’ म्हणूनच. अनुभवी नाकाला तो एकसुरी वाटतो, आणि तो तसा आहेही. तरीही ज्याला दिवसभर माणसांत वावरायचे आहे, त्याच्यासाठी ही स्थिरता फार कामाची आहे.

असे परफ्यूम एका माणसाच्या मनात येऊन बनत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. फॅशनची कंपनी गिवोदाँ, डीएसएम-फर्मेनिक, आयएफएफ, सिमराइज यांसारख्या सुगंध बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्या अपेक्षांचे टिपण देते, त्या कंपन्यांचे परफ्यूमर एकमेकांशी स्पर्धा करत नमुने पाठवतात, त्या नमुन्यांची ग्राहकांवर चाचणी होते, सूत्र पुन्हा बदलते आणि हे चक्र कितीतरी वेळा फिरते. या पद्धतीचा दुष्परिणाम उघड आहे. चाचणीत आणि दुकानात माणूस पट्टी क्षणभर हुंगून मत बनवतो, त्यामुळे पहिल्या क्षणाला गोड आणि झळाळता वास द्यायचा मोह वाढतो आणि ड्रायडाउनकडे दुर्लक्ष होते. बरेचसे खरोखर कंटाळवाणे परफ्यूम येथे जन्माला येतात आणि त्यांच्यावर होणारी टीका रास्तच आहे. एक परफ्यूम गाजला की त्याच नावाला शेपूट लावून निघणाऱ्या आवृत्त्या, ज्यांना फ्लँकर म्हणतात, त्यांतल्या कितीतरी त्याच गटात मोडतात. माझे म्हणणे इतकेच की ‘कूल वॉटर’ किंवा ‘ट्रेझॉर’ यांना त्यांच्या नकलांच्या रांगेत उभे करू नये.

शौकीन का कंटाळतात

शौकिनांचा कंटाळाही खोटा नसतो. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते: एखादी गोष्ट अगदी साधी आणि माहितीची असली तर ती निरस वाटते, फार गुंतागुंतीची आणि अपरिचित असली तर त्रासदायक वाटते, आणि सर्वांत जास्त सुख या दोहोंच्या मध्ये कुठेतरी मिळते. मात्र हा मध्यबिंदू जागचा हलतो. ज्याने कित्येक परफ्यूम लक्षपूर्वक हुंगले आहेत, त्याला अँब्रॉक्सन आणि इथाइल माल्टॉल पहिल्या झटक्यात ओळखू येतात, मग त्याला त्यात नवे काही उरत नाही आणि त्याचा मध्यबिंदू धुराकडे, चामड्याकडे, जनावरी वासांकडे सरकतो. त्याच्या आवडीत दिखाऊपणा असतोच असे नाही; त्याचे नाक खरोखर पुढे गेलेले असते. ही पारख मोलाची आहे आणि जुन्या सूत्रांत झालेले बदल सर्वांत आधी याच लोकांच्या लक्षात येतात. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून लिलियल या फुलांच्या वासाच्या पदार्थाला सौंदर्यप्रसाधनांत बंदी केली, ओकमॉसच्या वापरावर ॲलर्जीच्या कारणाने मर्यादा आल्या, आणि अशा प्रत्येक वेळी गाजलेले परफ्यूम नाव तेच ठेवून आतून बदलले. सवयीने बाटली विकत घेणाऱ्याला हा फरक बहुधा कळत नाही; शौकिनाला कळतो आणि तो हळहळतो.

पण परफ्यूम हुंगणे आणि परफ्यूम लावून वावरणे ही दोन वेगळी कामे आहेत. हुंगणारा स्वतःसाठी हुंगतो, मन एकाग्र करतो आणि अडचणीच्या वासातही रस घेऊ शकतो. लावणाऱ्याचा वास मात्र ज्यांनी तो मागितलेला नाही अशा लोकांपर्यंत जातो: लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या अनोळखी माणसापर्यंत, शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्यापर्यंत, आजाऱ्याच्या खोलीत. या लोकांना दोन श्वासांत वासाचा अर्थ लागला पाहिजे आणि तो अर्थ स्नेहाचा असला पाहिजे. सर्वांना रुचणारे परफ्यूम ही जबाबदारी उत्तम निभावतात आणि ज्यांना परफ्यूमविषयी वाचायला किंवा विचार करायला वेळ नाही, त्यांनाही प्रसन्न आणि नीटनेटके असल्याचा विश्वास देतात. हा विश्वास खरा असतो आणि तो देणाऱ्या वस्तूला हिणवण्याचे कारण मला दिसत नाही.

त्यांच्यामुळे होणारा खरा त्रास वासाचा नसतो, प्रमाणाचा असतो. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते, त्यामुळे लावणाऱ्याला थोड्याच वेळात आपला परफ्यूम उडून गेला असे वाटते आणि तो पुन्हा फवारतो. अँब्रॉक्सन आणि कस्तुऱ्या यांच्यावर उभ्या असलेल्या परफ्यूमच्या बाबतीत हे हमखास घडते. म्हणून असा परफ्यूम सकाळी दोन-तीन फवाऱ्यांवर थांबवावा आणि दुपारी पुन्हा बाटली उचलण्याआधी जवळच्या कोणाला तरी वास येतो का, एवढे विचारून घ्यावे. बहुतेक वेळा उत्तर ‘येतो’ असेच मिळते.